भिंतीला पाठ

अंबरनाथ पूर्व
१९ जून १९८३

प्रिय आनंदास,
दादाचा सप्रेम जयभीम.

मस्कतला पोचल्याचं तुझं पत्र परवा मिळालं. तुझ्या वेणूवहिनीला वाचून दाखवलं. डोळे पुसत ऐकत होती. उमाची काळजी करू नकोस. बकुळा गेल्यापासून आईविना पोर गप्प झाली होती, ती आता वेणूच्या मागे मागे फिरते. तिला 'मोठी आई' म्हणते, मला 'मोठे बाबा'. नाव माझ्याच शाळेत घातलंय, चौथीत. सकाळी माझ्याबरोबर उल्हासनगरला येते, दुपारी माझ्याबरोबरच परत.

एकच खोड आहे. नीट उभी राहत नाही. डावा खांदा खाली टाकते, जणू सतत कुणी हात धरून ओढतंय. ड्रिलमास्तरच्या घरात हे चालायचं नाही. रोज चहाच्या आधी मी तिला भिंतीला उभी करतो. टाचा, ढुंगण, पाठीची पाती आणि डोकं, चार जागा भिंतीला लागल्याच पाहिजेत. हनुवटी आत. मग दहा लांब श्वास. मी विचारतो, "सरळ आहेस का?" ती "हो" म्हणते, आणि बघावं तर खांदा खालीच. नऊ वर्षांची आहे, वळण लागेल.

आपला बा पाटलाच्या ओट्यापुढे कसा उभा राहायचा, तू लहान होतास, तुला आठवत नसेल. मला आठवतं. मातीला नाक लागेल इतका वाकून जोहार घालायचा. म्हातारपणी ताठ व्हायचं म्हटलं तरी होता येईना. मी चळवळीच्या दलात कवायत शिकलो ती त्याच्यासाठीच. आपल्या घरातलं माणूस यापुढे वाकणार नाही, हे मी तेव्हाच ठरवलंय.

तिकडे उन्हात जपून राहा.

तुझा दादा,
हिरामण रोकडे


मस्कत
२४ जुलै १९८३

दादास जयभीम,

तुझं पत्र वाचून छाती हलकी झाली. इकडे सगळं ठीक. मोठ्या बिल्डिंगीत थंड हवेच्या पायपांचं काम आहे. दिवसभर छताखाली उताणं पडून पाने फिरवायचे. संध्याकाळी माझीच पाठ धरते, तर मी तुझी भिंत करून बघितली. सोबतचे मल्याळी हसतात.

उमाचं तू बघतोस ते बरोबर करतोस. बकुळा तिला फार लाडात ठेवायची, कडेवरून उतरवायची नाही. त्यानंच ती एका बाजूला झुकत असेल. कडक राहा. मी पुढ्यात असतो तर माझ्याच्यानं झालं नसतं. पोर तुझ्या हाती दिली तेव्हाच मी निवांत झालो.

करार तीन वर्षांचा आहे. मधे सुट्टी नाही.

आनंदा


अंबरनाथ पूर्व
११ फेब्रुवारी १९८४

प्रिय आनंदा,

सोबत उमाचा फोटो पाठवतोय. स्टेशनजवळच्या स्टुडिओत काढला. मान जरा तिरकी दिसते, ती फोटोवाल्यानंच तशी ठेवायला लावली होती. आजकाल तशी पद्धत आहे म्हणे.

प्रगती चांगली आहे. भिंतीपाशी आता वीस मिनिटं उभी राहते. गादी काढून घेतली, फळीवर चादर टाकून निजते. लेझीममध्येही घेतलंय, पण हात वर नेताना डावीकडे मागे पडते. मी सगळ्या वर्गासमोर तिला रांगेबाहेर काढून पुन्हा करायला लावतो. घरची म्हणून सूट दिली तर बाकीची पोरं काय म्हणतील?

गेल्या महिन्यात शाळेत डॉक्टर येऊन गेले, सगळ्यांची वजनं-उंच्या घेतल्या. उमाची उंची बरी आहे. बाकी विशेष काही नाही.

तुझा दादा


अंबरनाथ
५ मे १९८५

आनंदा भावजींना वेणूबाईचा जयभीम.

मी सांगते आनि उमा लिवते. तुमचे दादा आज सभेला गेलेत, म्हनून आज लिवायला बसवलं.

भावजी, पोरीचं काय तरी येगळंच हाय. मी तिला न्हाऊ घालते म्हनून मला दिसतं. पाठीचं एका बाजूचं हाड खुंटीवानी भायेर आलंय. वाकली की एक बाजू उंच व्हते, दुसरी खाली जाते. कंबर एका अंगानं आत गेली. नव्या फ्राकासाठी तिला उल्हासनगरच्या कॅम्पात सिंधी टेलरमास्तरकडे नेली. त्यानं दोनदा माप घेतलं आनि म्हनला, "भाभी, बच्ची का नाप दोनों साइड अलग आता है। फ्राक सीधा बैठेगा नहीं। डाक्टर को दिखाव।" परका मानूस, त्याला दिसलं. तुमच्या दादांना सांगितलं तर म्हनतात, टेलरनं टेलरकी करावी. चालताना पोरीला धाप लागते. रागं भरतील म्हनून सांगत न्हाई.

मी अडानी बाई, माझं चुकत बी आसंल. पन तुमची पोर हाय, तुमी दादांना लिवा की मोठ्या दवाखान्यात न्या. तुमचं ते ऐकतील. माझं नाव काढू नका.

वेणूबाई

(पप्पा, हे मी उमा माझं लिहिते. मोठ्या आईला सांगितलेलं नाही. मोठ्या बाबांना सांगू नका. शाळेतल्या डॉक्टरांनी मोठ्या बाबांना एक चिठ्ठी दिली होती. मी बघितली. आणि मी खोटं बोलत नाही. मी उभी राहते तेव्हा मला सरळच वाटतं. तुम्ही कधी येणार?)


मस्कत
२ जून १९८५

दादास,

वहिनींचं पत्र आलं. रागावू नकोस, त्या बाईमाणूस, घाबरल्यात. टेलर काहीतरी बोलला आणि त्यांच्या डोक्यात भरलं. उमानंही खाली दोन ओळी लिहिल्यात, शाळेतल्या डॉक्टरनं तुला कसलीशी चिठ्ठी दिली म्हणून. मला वाटतं व्यायामाचा कंटाळा येतो म्हणून पोर निमित्त शोधते. तसं काही असतं तर तू मला कळवलंच असतंस.

तरी एकदा दाखवून घे, वहिनींचं समाधान होईल.

उमासाठी: बेटा, मोठे बाबा सांगतील तसं वाग. ते तुझ्या भल्यासाठीच करतात. त्यांच्या पाठीमागे पत्र लिहायचं नाही. पुन्हा असं ऐकायला येऊ नये.

कराराला आणखी दोन वर्षं वाढवून मिळाली आहेत.

आनंदा


अंबरनाथ पूर्व
१६ नोव्हेंबर १९८६

ती. पप्पांस,
उमाचा जयभीम.

मी मजेत आहे. सहामाहीत गणितात पहिली आले. मोठी आई बरी आहे. मोठे बाबा बरे आहेत. लेझीममधून मी आता बाहेर आहे. स्टेशनच्या पुलावर मी हळू चढते म्हणून मोठे बाबा पुढे जाऊन थांबतात. व्यायाम रोज करते. मोठे बाबा सांगतील ते ऐकते.

तुम्ही पाठवलेलं घड्याळ मिळालं.

आपली आज्ञाधारक,
उमा


अंबरनाथ पूर्व
९ ऑगस्ट १९८७

आनंदा,

हे पत्र मी चौथ्यांदा लिहितोय. आधीची तीन फाडली.

गेल्या सोमवारी शाळेतून परतताना उल्हासनगरच्या पुलावर उमा खाली बसली. मी पुढे होतो. मागे वळून म्हणालो, "ऊठ, लोक बघतायत." ती उठेना. ओठ निळे पडले होते. पापड विकणाऱ्या एका सिंधी बाईनं टोपली बाजूला टाकून तिला मांडीवर घेतलं आणि माझ्यावर खेकसली, "मास्टरजी, देखते क्या हो? बच्ची मर रही है!" तेव्हा मला दिसलं. चार वर्षं रोज सकाळी बघत होतो, ते तेव्हा दिसलं.

दुसऱ्या दिवशी मुंबईला मोठ्या इस्पितळात नेली. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाच्या पेटीवर लावला. मला वाटलं, चुकून दुसऱ्या कुणाचा लावला. कणा वेलीसारखा वळलाय. वर एकीकडे, खाली दुसरीकडे. आणि नुसता वळला नाही, पिळलाही गेलाय. बरगड्या एका बाजूच्या फुप्फुसावर दाबून बसल्यात. शंभर अंशांच्या पुढे बाक आहे म्हणाले.

मी त्यांना भिंतीचं सांगितलं. फळीचं सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "हा वाईट सवयीचा बाक नाही, मास्तर. हा हाडांतला आहे. मूल वाढतं तसा तो वाढतो. मुलाला आतून कळतही नाही. कवायतीनं जात नाही. लहानपणी आणली असती तर पट्टा बांधून थोपवता आला असता, नाहीतर वेळेत ऑपरेशन केलं असतं." मग म्हणाले, "आधी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं का?"

मी "नाही" म्हणालो.

उमा शेजारच्या स्टुलावर बसली होती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि खाली बघितलं.

आनंदा, चिठ्ठी होती. जानेवारी चौऱ्याऐंशी. 'मणक्याला बाक. मुंबईस दाखवावे.' डॉक्टरांनी ती मास्तरांच्या खोलीत सगळ्यांपुढे माझ्या हातात दिली. एक शिक्षक हसून म्हणाले, "काय रोकडे, दिव्याखाली अंधार?" मी चिठ्ठी खिशात घातली आणि घरी येऊन चुलीत टाकली. मी तिला सरळ करून दाखवणार होतो. पुढच्या वर्षी डॉक्टर आले तेव्हा तिला घरी ठेवलं. तुझं पत्र आलं, 'एकदा दाखवून घे' म्हणालास, तेव्हाही नेली नाही. वेणूला मात्र बोललो. तिनं त्यानंतर मला काही सांगणंच सोडलं.

ऑपरेशन होतं का, हे तपासण्या झाल्यावर ठरेल. सही बापाची लागेल. ये.

हिरामण


मस्कत
२८ ऑगस्ट १९८७

पासपोर्ट कंपनीकडे आहे. साहेबाच्या पाया पडलो. ऑक्टोबरात सोडतो म्हणाला.

तुला काय लिहू? मी तुला देव मानत होतो, असं लिहिलं असतं, पण आपल्यात ते मानत नाहीत. माझ्या पोरीनं मला लिहिलं होतं. मी तिलाच गप्प बसवलं, तुझ्या भरवशावर.

मी येईपर्यंत तिला भिंतीजवळ नेऊ नकोस.

आनंदा


शिरगाव, बदलापूर
७ फेब्रुवारी १९८८

हिरामण रोकडे यांस,

समोर आलास तर माझा हात उठेल, म्हणून लिहून कळवतो.

परवा मुंबईच्या डॉक्टरांनी शेवटचं सांगितलं. ऑपरेशन करणार नाहीत. तिची फुप्फुसं भूल सोसणार नाहीत. टेबलावरच जाईल म्हणाले. तीन महिने थांबवून घेतलं, श्वासाचे व्यायाम दिले, फुगे फुगवायला लावले. ताकद वाढली नाही. आता सर्दी-खोकल्यापासून जपायचं, एवढंच औषध.

मी मस्कत सोडलं. इथे शिरगावात खोली घेतली आहे, तळमजल्याची, जिना नको म्हणून. वहिनी केव्हाही येऊ देत. तू येऊ नकोस. एक स्टेशन अंतर आहे, ते तेवढं राहू दे.

आनंदा रोकडे


अंबरनाथ पूर्व
३ मार्च १९९१

चि. उमास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या मोठ्या आईकडून तुझी खुशाली कळते. अकरावीचा अभ्यास घरूनच करतेस, शेजारच्या मुलांना शिकवतेस, हे ऐकलं. मी मागच्या वर्षी शाळेतून निवृत्त झालो. निरोपाच्या दिवशी मुलांनी लेझीम केलं. मला बघवलं नाही, उठून आलो.

आता दिवस रिकामा असतो. एक पुस्तक आणून कण्याबद्दल वाचतो. तेहतीस मणके असतात. एवढंही मला माहीत नव्हतं, आणि तीस वर्षं मुलांना 'पाठ ताठ' म्हणून ओरडत होतो. कणा मुळात सरळ नसतोच, बाळा. बाजूनं बघितलं तर मानेशी, पाठीत आणि कमरेत त्याला नैसर्गिक बाक असतात. त्या बाकांमुळेच तो भार पेलतो. मी निरोगी पोरांनाही भिंतीला दाबून उभं करत होतो.

दोनदा बदलापूरला आलो होतो. स्टेशनवरून चालत निघालो, शिरगावच्या रस्त्याला लागलो आणि परत फिरलो. तुझ्या वडिलांचा शब्द मोडायचा नाही. पण तू आता मोठी आहेस. तू म्हणालीस तर येईन. घटकाभर बसेन. क्षमा मागायची आहे. ती तू करावीस असं नाही.

तुझे,
मोठे बाबा


शिरगाव, बदलापूर
२९ मार्च १९९१

ती. मोठ्या बाबांस,
उमाचा जयभीम.

उत्तर द्यायला उशीर झाला. एका बैठकीत फार लिहिता येत नाही, हात टेकवून टेकवून लिहिते.

तुम्हाला एक सांगायचं राहिलं होतं. इस्पितळात व्यायामाच्या एक बाई होत्या. पहिल्या दिवशी त्यांनी मला आरशापुढे बसवलं, पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, "इथे काय वाटतं? आणि इथे?" तोवर हे मला कुणी विचारलं नव्हतं. मग म्हणाल्या, "डोळे मीट आणि सरळ बस. झालीस की सांग." मी सांगितलं, "झाले." "आता उघड." आरशातली मुलगी एका अंगावर पार कललेली होती. बाईंना वाटलं मी रडेन. मला उलट बरं वाटलं. तुम्ही रोज "सरळ आहेस का" विचारायचात, मी "हो" म्हणायचे, तुम्ही म्हणायचात, "खोटं बोलू नकोस." मी खोटं बोलत नव्हते. माझ्या आतलं सरळच तसं होतं. पुढे पुढे मलाही वाटायला लागलं होतं की मी खोटारडी आहे.

बाईंनी दबलेल्या बाजूत श्वास भरायला शिकवलं. मी अजून करते. थोडी हवा जाते. कणा काही हलत नाही.

पप्पा तुम्हालाच दोष देतात. मोठ्या आईच्या त्या पत्राखाली मी दोन ओळी लिहिल्या होत्या आणि त्यांनी त्या तुम्हाला कळवल्या, हे ते बोलत नाहीत. मीही काढत नाही. ते पहाटे उठून माझं पाणी तापवतात, कामावर जातात, संध्याकाळी आल्यावर माझ्या पाठीला तेल लावतात. त्यांना तेवढं तरी राहू दे.

तुम्ही येऊ का, विचारलंत. नका येऊ. राग आहे म्हणून नाही. राग होता, आता तेवढी धाप परवडत नाही. पण तुम्ही समोर बसलात तर मी आपोआप ताठ बसायला जाईन. मला माहीत आहे, मी थांबवू शकणार नाही. मोठी आई कधी तुमच्यासारखं खाकरते, तरी माझे खांदे मागे जातात. आणि तसं बसलं की मला श्वास घेता येत नाही.

क्षमेचं म्हणाल तर मला ती कुठे ठेवलेली सापडत नाही. सापडली तर कळवीन.

मोठ्या आईला एकटीला पाठवत जा. येताना तिनं सुकट आणावी.

उमा


शिरगाव, बदलापूर
१२ जानेवारी १९९५

दादा,

उमा सोमवारी सकाळी गेली. थंडीत कफ झाला. चार दिवस उल्हासनगरच्या दवाखान्यात नळी लावून होती. शुद्धीत होती. शेवटी मुलांच्या वह्या तपासायच्या राहिल्यात म्हणाली. एकवीस वर्षं पुरी व्हायला दोन महिने होते.

वहिनींना मीच बोलावून घेतलं होतं, दुखण्याचं तुला कळू न देता. त्या चारही दिवस तिच्याजवळ होत्या. तुला कळवू का, असं त्यांनी दोनदा विचारलं. मी नको म्हणालो. सोमवारी मातीनंतर त्या तुझ्याकडे परत आल्या तेव्हा त्यांनी तुला सांगितलंच असेल. पण ते माझ्याकडून तुला कळायला हवं होतं. अंबरनाथला निरोप द्यायला किती वेळ लागतो? मी दिला नाही. तू खांदा द्यायला आला असतास. मी तो दिवस तुझ्यापासून काढून घेतला. मुद्दाम घेतला. आता घेऊन काय केलं ते मला कळत नाही.

माणसं तिला तिरडीवर उताणी निजवायला बघत होती. होईना. एकजण म्हणाला, "जरा दाबून सरळ करू." मी त्याचा हात धरला. त्याला म्हणालो, हात लावू नकोस, जशी आहे तशी राहू दे. उजव्या कुशीवर, गुडघे जरा जवळ घेऊन ती रोज निजायची. तशीच नेली. रस्त्यानं लोक बघत होते, बघू दिलं.

तुझं एक्क्याण्णवचं पत्र तिच्या वहीत सापडलं. तिनं तुला काय उत्तर दिलं, मला माहीत नाही. विचारणारही नाही.

रविवारी तिचं जलदान आहे, सकाळी दहाला. भन्ते येतील. वहिनींबरोबर तू ये. मी तुझ्याशी बोलेन असं नाही. पण वहिनी सोडल्या तर घरात तिच्याबद्दल बोलू शकेल असं आता दुसरं कुणी उरलेलं नाही.

आनंदा